दाबोळीचे पठार आणि दर्यावरची धावपट्टी

आदिलाबाद जिल्ह्यातील इचोडा हे नाव आमच्या बहुसंख्य वाचकांनी ऐकले नसेल. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो, आदिलाबाद मागे टाकतो आणि मग हे गाव लागते. सभोवार कपाशीची जमीन. बाजारात तेलुगूच्या जोडीने मराठी आणि गोंडीही कानांवर येते. समुद्राशी या गावाचा संबंध म्हणाल तर एवढाच की, तेथून कोणत्याही दिशेस निघाले तरी चारशे किलोमीटरांच्या आत समुद्र नाही. अशा ठिकाणच्या एखाद्या शेतकऱ्याने वर्तमानपत्रात वाचले की, भारत सरकारने एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी करार करून नौदलासाठी २६ राफेल विमाने घेण्याचे ठरविले, त्यांसाठी सुमारे ६३ हजार कोटी रुपये मोजावयाचे आहेत आणि ही विमाने जहाजावर उतरावयाची आहेत, तर तो काय म्हणेल? देशात एवढ्या धावपट्ट्या असता विमान जहाजावर उतरविण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे तो विचारील. त्याचा हा प्रश्न अडाण्याचा म्हणून उडवून लावता येणार नाही. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे तोही कर भरीत असतो.

हाच प्रश्न आमच्या गोमंतकात निराळ्या तोंडाने विचारला जातो. समुद्र ज्याच्या अंगणापर्यंत आला आहे, त्या वास्को-चिखलीच्या माणसाला विमानवाहू जहाज म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु नौदलाची जेट विमाने दाबोळीच्या पठारावरून उठतात, तेव्हा त्याच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि पाळण्यातले मूल दचकून उठते. तो विचारतो की, हे सर्व आमच्याच डोक्यावर का? एक प्रश्न समुद्र कधी न पाहिलेल्याचा आणि दुसरा समुद्राशेजारी जन्म काढलेल्याचा. दोघांनाही एकच उत्तर द्यावयाचे आहे, आणि ते देण्यासाठी जहाजावर जेट विमान उतरविणे म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते समजून न घेता या विषयावर बोलणारे पुढारी आणि लिहिणारे लेखक आपल्याकडे थोडे नाहीत.

थांबण्यासाठी पूर्ण वेग

दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. उलट विमानवाहू जहाजावर उतरणाऱ्या वैमानिकाच्या वाट्यास येणारी तिरपी पट्टी जेमतेम दोनशे मीटरांची. आज आपल्या नौदलाकडे ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ अशी दोन विमानवाहू जहाजे आहेत. पहिले २८४ मीटर लांब, दुसरे २६२ मीटर. दोन्ही चाळीस हजार टनांहून अधिक वजनाची. धक्क्यावर उभे राहून पाहिले तर ती डोंगराएवढी भासतात. परंतु काही मैलांवरून, आकाशातून पाहणाऱ्या वैमानिकास तेच जहाज पाण्यावर पडलेल्या काडेपेटीएवढे दिसते. त्यातही ती काडेपेटी स्थिर नाही. ती पुढे सरकत असते, लाटांबरोबर तिचा मागचा भाग वर-खाली होत असतो, आणि उतरण्याची पट्टी जहाजाच्या रेषेत नसून तिला तिरपी असल्यामुळे, जहाज पुढे जाते तशी ती पट्टी वैमानिकाच्या दृष्टीसमोरून सतत एका बाजूस निसटत असते.

विमानाच्या शेपटीखाली एक लोखंडी आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारा असतात. आपल्या दोन्ही जहाजांवर त्या तीन आहेत. विमानाने यांपैकी एक तार आकड्यात पकडावयाची असते. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेले विमान ही तार नव्वदएक मीटरांत आणि अडीच-तीन सेकंदांत जागच्या जागी थांबवते. तार नुसती बांधलेली नसते. तिची टोके कप्प्यांवरून डेकच्या पोटात जातात, आणि तेथील यंत्रातील द्रवाचा दाब विमानाची झेप पोटात घेतो. येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे हे यंत्र लावून घ्यावे लागते. ते अधिक कडक लागले तर आकडा किंवा तार तुटावयाची, आणि सैल लागले तर विमान कडेवरून समुद्रात जावयाचे. खाली यंत्राशी बसलेल्या खलाशास विमान दिसत नाही आणि वैमानिकास तो खलाशी दिसत नाही. तरी एकाचा प्राण दुसऱ्याच्या हाती असतो.

जमिनीवरील विमानतळावर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी विमानाचे नाक किंचित उचलतो, विमान अलगद टेकते, आणि मग इंजिनाची शक्ती कमी केली जाते. जहाजावर यांतले काहीच चालत नाही. नाक उचलावे तर विमान तारांवरून तरंगत पुढे जाईल. म्हणून ते ठरलेल्या उतारावरून सरळ डेकवर आदळवावे लागते. त्याची चाके आणि पाय त्यासाठीच विलक्षण भक्कम केलेले असतात. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. चाके डेकला लागताच वैमानिक इंजिन मंद करीत नाही, तर ते पूर्ण शक्तीवर नेतो. कारण आकड्याने तार धरली की नाही, हे त्यास त्या क्षणी ठाऊक नसते. धरली असेल तर ती त्यास पूर्ण शक्तीनिशीही थोपवील. सुटली असेल तर डेकच्या टोकापर्यंत त्याला पुन्हा उड्डाण करता आले पाहिजे. आणि त्या वेळी शक्ती वाढवू म्हटले तर जेट इंजिन तेवढ्या अवधीत ती देत नाही. म्हणजे ज्याला थांबावयाचे आहे, त्याने निघून जाण्याची संपूर्ण तयारी ठेवूनच टेकावयाचे. मनुष्याच्या स्वाभाविक बुद्धीला हे उलटे वाटते. ते अंगवळणी पडण्यास पुस्तक पुरत नाही. शेकडो वेळा तेच करावे लागते.

या कामी वैमानिकास दोन आधार असतात. एक दिव्यांचा. डेकच्या कडेला बसविलेले दिवे तो योग्य उतारावर आहे, त्याच्या वर आहे की खाली गेला आहे, हे त्याला दुरूनच सांगतात. दुसरा आधार मनुष्याचा. डेकच्या मागील बाजूस ‘लँडिंग सिग्नल ऑफिसर’ म्हणून एक अधिकारी उभा असतो. तो स्वतः मुरलेला वैमानिकच असतो. येणाऱ्या विमानावर नजर रोखून तो रेडिओवरून मोजके शब्द बोलतो, आणि त्याला काही खटकले तर लाल दिवे लावून विमान परत फिरवतो. ‘परत जा’ अशी खूण झाली की वैमानिकाने ती मानावयाची असते; तेथे हुद्दा आणि वय यांचा विचार नाही. शिवाय डेकवर विमाने उतरत असतात तेव्हा जवळच हवेत एक हेलिकॉप्टर तरंगत असते. कोणी पाण्यात पडलाच तर त्याला उचलण्यासाठी. ते काम आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘चेतक’ हेलिकॉप्टरांनी केले. एक विमान उतरते त्यामागे अशी कितीतरी माणसे जागी असतात.

रक्ताने लिहिलेले नियम

हे शास्त्र कोणा एकाच्या मेंदूतून एका दिवसात निघालेले नाही. १८ जानेवारी १९११ रोजी युजीन इली या अमेरिकी वैमानिकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात नांगरलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर विमान उतरविले. लाकडी फळ्यांचा मंच, आणि त्यावर आडव्या दोरांच्या टोकांना वाळूची पोती बांधलेली, एवढीच त्याची सामग्री होती. आजच्या पोलादी तारांची ती आजी म्हटली पाहिजे. चालत्या जहाजावर प्रथम उतरला तो इंग्रज वैमानिक एडविन डनिंग. २ ऑगस्ट १९१७ रोजी तो ‘फ्यूरियस’वर उतरला, तेव्हा सहकाऱ्यांनी धावत जाऊन त्याचे विमान हातांनी धरून ठेवले. पाचच दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा करताना विमान कडेवरून समुद्रात गेले आणि डनिंग बुडाला. जेट विमान जहाजावर प्रथम उतरविले तेही एका इंग्रजानेच. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राउन यांनी ‘ओशन’वर ‘व्हॅम्पायर’ उतरविले. पुढे आयुष्यभरात त्यांनी २,४०७ वेळा जहाजावर विमान उतरविले, आणि हा विक्रम अद्याप कोणास मोडता आलेला नाही.

जेट आले आणि जुनी पद्धत अपुरी पडू लागली. त्या वेळी डेक सरळ असे. मागच्या भागात विमान उतरे आणि पुढच्या भागात इतर विमाने उभी असत. तारा चुकल्या तर विमान मधल्या जाळीच्या अडथळ्यावर जाऊन आदळे. तोही चुकला तर पुढे उभ्या असलेल्या विमानांवर आणि माणसांवर. यावर १९५१ साली कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांना सुचलेला उपाय इतका साधा होता की, तो आधी कोणाला सुचला कसा नाही याचे नवल वाटावे. उतरण्याची पट्टीच थोडी तिरपी करावयाची. तार चुकली तर समोर मोकळे पाणी आणि मोकळे आकाश; वैमानिक घिरटी घालून पुन्हा येईल. निक गुडहार्ट यांनी आरशाच्या साहाय्याने उतार दाखविणारी युक्ती काढली. एका साध्या आरशावर आणि ओठांना लावावयाच्या लालीच्या कांडीवर त्यांनी ती प्रथम करून दाखविली, असे सांगतात. वाफेच्या जोरावर विमान फेकणारे यंत्र हे याच काळातील तिसरे साधन. जुन्या धोक्यांतून निघालेल्या या सुधारणा अंगी घेऊनच आपली पहिली ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली.

विक्रांत आणि गोमंतक

१८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण तहिलियानी यांनी ‘सी हॉक’ हे जेट विमान ‘विक्रांत’च्या डेकवर उतरविले. जहाजावर जेट उतरविणारे ते पहिले भारतीय नौवैमानिक. पुढे ते नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवामुक्तीची कारवाई झाली, तेव्हा ‘विक्रांत’ अरबी समुद्रात पहाऱ्यास होती. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळीचा विमानतळ १९६२ साली नौदलाच्या ताब्यात आला आणि १९६४ साली कोईमतूरकडील ‘हंसा’ हा तळ येथे आला. तेव्हापासून भारतीय नौदलाच्या लढाऊ विमानांचे घर म्हणजे दाबोळीचे पठार. गोमंतकाच्या मुक्तीचा आणि भारतीय नौवैमानिकांचा इतिहास असा जवळजवळ एकाच वयाचा आहे, याचा विसर पडू नये.

या विद्येची कसोटी १९७१ साली लागली. ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकास तडे गेले होते, आणि जहाजाच्या वेगावर मर्यादा आली होती. सामान्य वाचकास वाटेल की, जहाज थोडे सावकाश चालले तर बिघडले कोठे? परंतु विमानवाहू जहाज विमान उडविताना आणि उतरविताना वाऱ्याच्या दिशेने वेगाने जाते ते हौसेने नव्हे. जहाजाचा वेग आणि वाऱ्याचा वेग मिळून जेवढा वारा डेकवरून वाहील, तेवढा उतरणाऱ्या विमानाचा डेकच्या हिशेबातला वेग कमी होतो आणि तारेवरील ताणही कमी होतो. जहाजाचा वेग घटला की तेवढी सवलत गेली. असे असताही ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले, आणि नंतरच्या दिवसांतही ती पुनःपुन्हा जात राहिली. त्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. जे जहाज युद्धास नेऊ नये असे अनेकांना वाटत होते, त्याच जहाजाने पूर्वेकडील बंदरे बंद केली. यंत्रातील उणीव माणसांच्या सरावाने भरून काढली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

तुटलेली परंपरा

येथून पुढची हकीकत आम्हास विशेष महत्त्वाची वाटते, आणि आमच्या लोकप्रतिनिधींनी ती लक्षपूर्वक वाचावी अशी आमची इच्छा आहे. १९८३ च्या डिसेंबरात ‘सी हॅरियर’ विमाने दाबोळीस आली. ही विमाने हवेत जवळजवळ स्थिर राहून सरळ खाली उतरत. इतर विमाने आधी उतरतात आणि मग थांबतात, हे आधी थांबे आणि मग उतरे. त्यास आकडा नको, तार नको. विमान उत्तम होते आणि ते चालविणारे वैमानिकही. २०१६ च्या मे महिन्यात दाबोळीसच त्याला निरोप देण्यात आला, तोपर्यंत त्याने तीन दशकांहून अधिक सेवा केली. परंतु त्याच्या आगमनाबरोबर एक गोष्ट नकळत घडली. ‘सी हॉक’ निवृत्त झाली. ‘अलिझे’ विमाने ‘विक्रांत’वर उतरत ती १९८७ पर्यंत. त्यानंतर सुमारे पाव शतक भारतीय जहाजावर आकड्याने तार धरून एकही विमान उतरले नाही.

पाव शतक म्हणजे नौदलातील एक संपूर्ण पिढी. ज्यांच्या हातांना ती सवय होती ते निवृत्त झाले. ज्यांनी तारा ओढल्या, यंत्रे लावली, दिवे पाहिले, ते खलाशीही घरी गेले. रशियाकडून ‘विक्रमादित्य’ आणि तिच्यासाठी ‘मिग-२९ के’ विमाने घेतली, तेव्हा जहाज विकत मिळाले, विमाने विकत मिळाली. विद्या मात्र विकत मिळाली नाही. तिच्यासाठी आपले वैमानिक परदेशी धाडावे लागले आणि परक्यांच्या हाताखाली ते मुळाक्षरांपासून शिकले. ज्या देशाने १९६१ साली ही विद्या हस्तगत केली आणि १९७१ साली युद्धात वापरली, त्याच देशाला ती पुन्हा शिकावी लागली. गाण्याचे घराणे एका पिढीत बंद पडले तर पुढच्या पिढीला नुसती वही उपयोगी पडत नाही, तसेच हे आहे. आम्हास जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा हाच. जहाजावर विमान उतरविणे ही कोठारात ठेवावयाची वस्तू नसून ती रोज चालवावी लागणारी परंपरा आहे. ती थांबली की मरते, आणि मेलेली जिवंत करावयास पैसा, वर्षे आणि प्राण मोजावे लागतात.

दाबोळीच्या पठारावर आज जे उभे आहे त्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे. तेथे नौदलाने जहाजाच्या डेकची प्रतिकृती जमिनीवर उभारली आहे: एका टोकास विमान उडविण्यासाठी वर वळलेला उतार, आणि दुसरीकडे तारांसह उतरण्याची पट्टी. समुद्रावर जाण्यापूर्वीची चूक येथे जमिनीवर करून घ्यावयाची, हा त्यामागचा हेतू. आपल्याच देशात तयार झालेल्या ‘तेजस’ विमानाच्या नौदली आवृत्तीने २० डिसेंबर २०१४ रोजी याच उतारावरून उड्डाण केले आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी येथेच तार धरून ते प्रथम उतरले. त्यानंतर ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान प्रत्यक्ष ‘विक्रमादित्य’वर उतरविले. आपल्या देशात घडविलेले लढाऊ विमान जहाजावर उतरण्याची ती पहिली वेळ, आणि ते उतरविणारे हात मराठी आडनावाचे, याचा अभिमान आम्ही लपवीत नाही. पुढे स्वदेशी बांधणीची नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झाली, आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘तेजस’ व ‘मिग’ ही दोन्ही विमाने तिच्यावर उतरली. भारतीय जहाज, भारतीय विमान आणि भारतीय वैमानिक हा त्रिवेणी संगम साधण्यास बासष्ट वर्षे लागली.

हिशेब दिला पाहिजे

परंतु अभिमानाची बाब सांगून थांबणे हा वृत्तपत्राचा धर्म नव्हे. हे ‘तेजस’ अद्याप नौदलाच्या नित्य सेवेत नाही. आकडा आणि भक्कम पाय बसविल्याने त्याचे वजन वाढले, आणि पुरेसा शस्त्रसंभार घेऊन जहाजावरून उडण्यास ते अपुरे पडते, असे नौदलाने २०१६ सालीच स्पष्ट केले होते. त्याच्या चाचण्यांतून मिळालेल्या ज्ञानावर दोन इंजिनांचे नवे स्वदेशी विमान उभे करावयाचे आहे. मधला काळ भरून काढण्यासाठी फ्रान्सचे राफेल. त्याचीही चाचणी २०२२ साली दाबोळीच्याच पट्टीवर झाली होती. ‘मिग’विषयी तर महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात इंजिनांतील दोष आणि विमाने कामास उपलब्ध असण्याचे अल्प प्रमाण यांवर बोट ठेवले होते. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी वेर्णे परिसरात एक ‘मिग’ कोसळले; वैमानिक वाचले आणि सुदैवाने वस्तीही वाचली. फेब्रुवारी २०२० मध्ये दुसरे विमान समुद्रात गेले. २६ नोव्हेंबर २०२० रोजी तिसरे गेले आणि त्यात कमांडर निशांत सिंग यांना आपण गमावले. अनेक दिवसांच्या शोधानंतर त्यांचा मृतदेह समुद्रतळाशी मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी एक विमान गोव्याच्या किनाऱ्याजवळ कोसळले.

अशा प्रत्येक अपघातानंतर चौकशी नेमली जाते, आणि तिचे पुढे काय झाले हे नागरिकास कळत नाही. काही गोष्टी गुप्त राहिल्या पाहिजेत, हे आम्हास मान्य आहे. तथापि दोष पक्ष्यांचा होता, इंजिनाचा होता, देखभालीचा होता की सरावाच्या अभावाचा, एवढे तरी संसदेपुढे यावे. जहाजाच्या डेकवर कोणत्याही वैमानिकाची चूक झाकली जात नाही. प्रत्येक उतरणीचा हिशेब ठेवला जातो आणि तो वैमानिकास तोंडावर सांगितला जातो. जो कडक नियम पंचविशीतील लेफ्टनंटास लागू, तो दिल्लीतील खात्यास का लागू नसावा?

आता आमच्या गोमंतकीय बांधवांची तक्रार. ती खोटी नाही. कितीतरी वर्षे नौदलाच्या सरावासाठी सकाळच्या वेळी दाबोळीची नागरी विमाने थांबवून धरली गेली. प्रवाशांची आणि पर्यटनाची अडचण झाली. आवाजाचा त्रास तर आहेच. जमिनींचे जुने तंटे आहेत, आणि ज्यांची शेते-भाटे तळासाठी गेली त्यांच्या मनांतील कटुता नुसत्या राष्ट्रभक्तीच्या भाषणांनी जाणार नाही. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावरून नागरी वाहतूक सुरू झाल्यामुळे या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. दाबोळी नागरी वाहतुकीसाठीही चालू राहावे, अशी दक्षिण गोव्याची मागणी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. परंतु त्या मागणीच्या भरात नौदलाच्या सरावाचे तास म्हणजे जणू काही फुकट गेलेला वेळ, असा सूर जो ऐकू येतो तो आम्हास मान्य नाही. ते तास कमी केले तर ते विमान समुद्रावर शिकेल. आणि समुद्रावरील शिक्षणाची फी काय असते, हे वर सांगितलेच आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. दाबोळीची तारांची पट्टी आणि तेथील सराव यांस कोणत्याही राजकीय सोयीसाठी धक्का लावू नये. त्याबरोबरच या तळाचा भार ज्या मुरगाव तालुक्याने सोसला, त्याला मोबदला मिळावा: आवाजाची नियमित मोजणी करून ती जाहीर करावी, रात्रीच्या सरावाची पूर्वसूचना वस्त्यांना द्यावी, जमिनीचे प्रलंबित तंटे मिटवावे, आणि तळावरील तांत्रिक कामांत स्थानिक मुलांना शिकून शिरण्याची वाट असावी. बोगमाळो येथील नौवैमानिकी संग्रहालयात ‘सी हॉक’, ‘अलिझे’ आणि ‘सी हॅरियर’ उभी आहेत. गोव्याच्या शाळांतील मुले सहलीस तेथे जातात, विमानांपाशी फोटो काढतात आणि परततात. त्या विमानांच्या शेपटीखालचा आकडा कशासाठी असतो, आणि एका विमानास तो का नाही, एवढे जरी त्यांना कोणी नीट समजावून सांगितले तरी त्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे डेकवर उभी राहील. राफेल आले म्हणून स्वदेशी विमानाचा प्रकल्प थंड्या बस्तनात पडू नये, हेही बजावून सांगणे अगत्याचे आहे. एकदा परंपरा तोडून आपण काय किंमत दिली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दुसऱ्यांदा ती चूक करू नये.

राहता राहिला इचोड्याचा शेतकरी. त्याला आम्ही काय सांगावे? आपल्या परदेशी व्यापारातील मालाचा फार मोठा भाग, वजनाने पाहिले तर नव्वद टक्क्यांहून अधिक, समुद्रावरून येतो-जातो. त्याच्या ट्रॅक्टरचे डिझेल ज्या कच्च्या तेलापासून होते ते बहुतांशी जहाजांतून येते. त्याच्या शेतात पडणाऱ्या खताचाही मोठा वाटा बंदरांवर उतरतो. आणि त्याचा कापूस सूत होऊन जेव्हा परदेशी जातो तेव्हा तोही बंदरातूनच जातो. १९७१ साली शत्रूची बंदरे बंद पडली तेव्हा काय होते, हे आपण पाहिले आहे. आपली बंदरे बंद पडली तर काय होईल, हे पाहण्याची वेळ इचोड्यावर येऊ नये, म्हणून किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर, जेथे परतण्यास जवळ कोणतीही जमीन नाही अशा पाण्यावर, कोणीतरी रात्रीच्या अंधारात दिव्यांची एक ओळ शोधीत उतरत असतो.

आदिलाबाद शहराला विमानतळ मिळावा, अशी तेथील लोकांची जुनी मागणी आहे. तो होईल तेव्हा इचोड्याच्या माणसाला आपल्या डोक्यावरून विमान जाताना दिसेल, ते लांबरुंद धावपट्टीवर अलगद टेकेल आणि त्यात काही नवल आहे असे कोणास वाटणार नाही. ते तसेच असावे. परंतु दाबोळीच्या पठारावर ज्यांच्या झोपा मोडतात आणि समुद्रावर ज्यांचे प्राण पणास लागतात, त्यांच्यामुळे इतरांचे जीवन असे निर्धास्त राहते, एवढी जाणीव दोन्हीकडील नागरिकांनी ठेवावी. आणि त्या जाणिवेच्या जोरावर सरकारकडे हिशेब मागावा. तो मागण्याचा अधिकार मुरगावच्या माणसाला जितका आहे, तितकाच इचोड्याच्या शेतकऱ्यालाही आहे.